सूर्य उगवायच्या आधी भरणारी शाळा

कडवाकाठ
4 जानेवारी, रात्री 9:20

नमस्कार. मी दहावीत आहे, निफाड तालुक्यात राहते. आमचं गाव कडवा नदीच्या काठाला आहे आणि शाळा तिथून नऊ किलोमीटरवर. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते. रोज सकाळी बसची वाट बघताना डोक्यात खूप काही येतं आणि शाळेत पोचेपर्यंत विरून जातं, म्हणून आज लिहायला बसले.

आमची एसटी 6:40 ला फाट्यावर येते. घरापासून फाटा दहा मिनिटांच्या वाटेवर. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा. ऊस उभा आहे तोवर बिबट्याची धास्ती असते. म्हणून पप्पा बॅटरी घेऊन सोबत येतात आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात. शेतीची लाइट रात्रीची असली की पप्पा दीड-दोनलाच बागेला पाणी द्यायला गेलेले असतात. त्या दिवशी आजी येते. थंडीत तिचे गुडघे धरतात, तरी येते. त्या वाटेवर मला तिच्याशी काही बोलवत नाही.

7:10 ला शाळा भरते आणि लगेच परिपाठ. मैदान इमारतीच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे ऊन यायला उशीर होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या, बोधकथा, हे सगळं वीस मिनिटं गार फरशीवर. राष्ट्रगीताला कानटोपी काढायची हे मला पटतं. पण बोधकथा संपेपर्यंत ती परत घालू देत नाहीत, ते पटत नाही. स्वेटर फक्त गडद निळाच चालतो. आजीने दोन महिने खपून विणलेला मरून स्वेटर माझ्या दप्तरात घडी होऊन शाळेत येतो आणि तसाच घरी जातो. दुकानातल्या निळ्या स्वेटरपेक्षा तो कितीतरी उबदार आहे.

पहिल्या तासाला बोटं आखडलेली असतात. माझ्या वहीतलं पहिल्या तासाचं अक्षर आणि चौथ्या तासाचं अक्षर शेजारी ठेवलं तर दोन वेगळ्या मुलींचं वाटतं.

डिसेंबर लागला की सगळीकडे "गुलाबी थंडी" हा शब्द सुरू होतो. आमच्याकडची थंडी मला कधी गुलाबी वाटली नाही. पेपरात निफाडचा जो आकडा येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. 2018 च्या डिसेंबरमध्ये तिथे 1.8 अंश नोंदले गेले होते. मी तिसरीत होते. द्राक्षाच्या पानावरचं दव गोठलं होतं आणि पप्पांनी ते नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं होतं. मला ते साखरेसारखं वाटलं. पप्पा मात्र गप्प होते. त्या गप्प असण्याचा अर्थ मला आता कळतो.

काल आणि आज आम्ही घडांना पेपर लावले. ज्यांच्याकडे द्राक्षं नाहीत त्यांच्यासाठी सांगते: दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी पडली की हिरवे मणी गुलाबी पडतात, त्याला पिंक बेरी म्हणतात. तसा माल निर्यातीला चालत नाही. म्हणून प्रत्येक घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून वर पिना मारायच्या. रद्दी किलोवर आणतात. पेपर लावता लावता मी वाचते आणि आईचं ओरडणं खाते. काल त्या रद्दीत फेब्रुवारी 2024 चा एक पेपर निघाला. त्यात बातमी होती की पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायचे, कारण मुलांची झोप पुरी होत नाही. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याबद्दल सांगितलं होतं, तेही त्यात होतं. तो कागद मी घडाला लावला नाही, घरी आणला.

माझा प्रश्न एवढाच आहे की चौथीच्या पुढच्या मुलांची झोप पुरी होते असं कुणी ठरवलं?

आणि दुसरा प्रश्न, जो कुणाला विचारावा कळत नाही. 22 डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस. म्हणजे तिथून पुढे सकाळी लवकर उजाडायला हवं. फाट्यावर डीपीजवळ, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, धोक्याची पाटी आहे. बस येते तेव्हा ती पाटी वाचता येते का, हे मी रोज वहीच्या शेवटच्या पानावर लिहितेय. 22 तारखेला पुसट का होईना, वाचता येत होती. काल आभाळ अगदी निरभ्र होतं, बस वेळेवर होती, तरी वाचता आली नाही. माझं काही चुकतंय का?

डिंकलाडू
4 जानेवारी, रात्री 9:55

अगं किती छान लिहिलंस! पोटात काही असल्याशिवाय त्या थंडीत बाहेर पडू नकोस. एक मेथीचा नाहीतर डिंकाचा लाडू आणि पेलाभर गरम दूध, मग शाळा. आजीला गुडघ्यांना लोकरीची पट्टी बांधायला सांग आणि माझा नमस्कार सांग. स्वेटर विणायला दोन महिने लागले म्हणजे सुया बारीक घेतल्या असणार. त्यांना नंबर विचारून कळव.

रेखांश
4 जानेवारी, रात्री 11:30

तुझं काहीही चुकत नाहीये. पाटीची नोंद ठेवायची युक्ती मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

22 डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असतो हे खरं. पण त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवतो, हे खरं नाही. आपल्याकडे सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला असतो, संक्रांतीच्या आसपास.

कारण असं. सूर्य डोक्यावर येण्याची वेळ घड्याळात रोज तीच नसते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा ती कक्षेत जास्त वेगाने धावते. शिवाय तिचा आस कललेला आहे. दोन्ही मिळून या दिवसांत एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत चोवीस तासांपेक्षा साधारण अर्धा मिनिट जास्त लागतं. रोज अर्धा मिनिट म्हणजे काहीच नाही, पण ते साठत जातं. नाशिकला 22 डिसेंबरला मध्यान्ह 12:33 च्या सुमारास असते, 15 जानेवारीला 12:44 च्या सुमारास. तेवढ्या काळात दिवस आठेक मिनिटांनी वाढतो, म्हणजे सकाळच्या बाजूला चार आणि संध्याकाळच्या बाजूला चार. सकाळी चार मिनिटं मिळाली, पण अख्खा दिवसच दहा-अकरा मिनिटं पुढे सरकला. म्हणून सूर्योदय 7:05 वरून 7:12 वर जातो. संध्याकाळला मात्र दोन्हीकडून फायदा: सूर्यास्त 6:02 वरून 6:16 वर. तुझी पाटी फेब्रुवारीचा पहिला आठवडा जाईपर्यंत अंधारातच राहील, मग हळूहळू दिसू लागेल.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे. नाशिक 73.8 अंशांवर. फरक 8.7 अंशांचा, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या पस्तीस मिनिटं मागे. याच दिवसांत कोलकात्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवलेला असतो. 7:10 ची शाळा तिथे उन्हात भरते, तुमच्याकडे सूर्योदयाबरोबर.

तिसरी गोष्ट. रात्रभर जमीन उष्णता बाहेर टाकत राहते, आणि सूर्य वर येऊन ती तूट भरून काढायला लागेपर्यंत तापमान उतरतच जातं. म्हणून दिवसातलं किमान तापमान पहाटे चारला नसतं, सूर्योदयाच्या सुमारास असतं. तुमचा परिपाठ नेमका दिवसातल्या सर्वांत थंड पंधरा-वीस मिनिटांत होतो.

रविवारी एक काठी उभी रोवून सावली मोजून बघ. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

शंभरनंबरी
5 जानेवारी, सकाळी 8:40

मी बारावीत आहे, सांगलीला. माझं मत उलट आहे. दहावीला आमचीही सकाळची शाळा होती आणि मला ती हवीहवीशी वाटायची. साडेबाराला सुटलं की दुपार आपली. जेवण, तासभर झोप, मग अभ्यास. दुपारची शाळा असलेले मित्र सहाला घरी यायचे, सातला क्लासला जायचे, साडेनऊला जेवायचे. शाळा उशिरा केली तर क्लास आणखी उशिरा जातील आणि झोप तेवढीच राहील. थंडीसाठी काहीतरी करा, पण वेळ बदलायची मागणी करताना हे लक्षात घे.

खडू
5 जानेवारी, रात्री 8:15

मी माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं शिकवतो आहे, त्यातली बरीचशी सकाळच्या सत्रात. तुझं लिहिणं वाचून मला माझ्या वर्गातल्या कानाला स्कार्फ गुंडाळलेल्या मुली दिसल्या.

चौथीपर्यंतच का, याचं सरकारी कारण तुझ्या कागदात आहेच. पण आमच्याकडची अडचण खोल्यांची आहे. अकरा खोल्या आणि वीस तुकड्या असतील तर शाळा दोन सत्रांतच भरवावी लागते. सकाळी आठवी ते दहावी, दुपारी पाचवी ते सातवी. सकाळचं सत्र चाळीस मिनिटं पुढे नेलं तर दुपारचंही तेवढंच पुढे जातं. मग पाचवी-सहावीची पोरं साडेसहाला सुटणार, आणि या दिवसांत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. म्हणजे तुझ्या वाट्याचा सकाळचा अंधार अकरा वर्षांच्या पोरीच्या वाट्याला संध्याकाळी जाणार. त्यात एसटी. आगाराचं वेळापत्रक एका शाळेसाठी बदलत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर येणाऱ्या मुलींची सगळी शाळाच त्या एका गाडीवर अवलंबून असते.

हे सांगतोय ते तुला गप्प बसवायला नाही. वेळ बदलणं अवघड आहे, पण परिपाठ कधी आणि कुठे घ्यायचा, जानेवारीपुरते तास पस्तीसऐवजी तीस मिनिटांचे करायचे का, स्वेटरचा रंग किती ताणायचा, हे मुख्याध्यापकांच्या हातात असतं. याला मंत्रालय लागत नाही. वर्गशिक्षकांकडे जा. तोंडी नको, लिहून दे. रेखांश यांनी सांगितलेली किमान तापमानाची गोष्ट त्यात घाल. शिक्षकाला मुद्द्याचं बोललेलं आवडतं.

कडवाकाठ
5 जानेवारी, रात्री 9:50

सर्वांना धन्यवाद. रेखांश काका, मी ते तीनदा वाचलं आणि मग आमच्या भूगोलाच्या वहीत काढून बघितलं. पस्तीस मिनिटांची गोष्ट मला माहीतच नव्हती. पाचवीपासून 82.5 अंश पाठ आहे, पण ती रेघ आपल्या फाट्यावरच्या अंधारापर्यंत येते असं कधी वाटलं नाही.

खडू सर, पाचवी-सहावीच्या मुलींचं तुम्ही म्हणालात ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गल्लीतलीच एक सहावीत आहे, ती संध्याकाळच्या गाडीने येते. तिला अंधारात यायला लावून मला उजेड नको.

शंभरनंबरी दादा, दुपारी झोपायला मिळत असेल तर सकाळची शाळा मलाही चालेल. पण इथे सध्या कांद्याची लागण चालू आहे. उन्हाळ कांद्याची रोपं याच दिवसांत लावतात. शाळा सुटली की वर्गातल्या निम्म्या मुली वाफ्यात असतात, काही स्वतःच्या, काही रोजाने. माझी बाकावरची मैत्रीण मागच्या आठवड्यात तीन दिवस आलीच नाही. तिला कुणी शाळा बुडव म्हटलं नाही, पण घरात मजूर मिळत नाही म्हणून सगळे काळजीत बसलेले असताना दप्तर उचलून निघायला तिला धीर झाला नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बोर्डाचा पेपर आणि जानेवारीत लागण. या दोन गोष्टी अशा लागोपाठ येतात याचं मला फार वाईट वाटतं, आणि यात नेमकं काय करावं हे मला सुचत नाही.

अजून एक लिहायचं राहिलं होतं. शाळेच्या अलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या आहेत. पाचटाच्या भिंती आणि वर प्लास्टिक. बस तिथे थांबते तेव्हा शेकोटीशी एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली असते. माझ्याच वयाची असेल. आईबाप पहाटेच उसात गेलेले. परवा मी खिडकीतून हात केला. तिने हात केला नाही, पण बस हलेपर्यंत माझ्याकडे बघत होती. मला 7:10 ची शाळा नको वाटते आणि तिला कुठलीच शाळा नाही. त्या दिवसापासून तक्रार करताना जीभ अडखळते. पण थंडी दोघींनाही वाजते, म्हणून तक्रार मागे घ्यावी असंही वाटत नाही.

डिंकलाडू काकू, सुया दहा नंबरच्या. आजी म्हणाली, नमस्कार पोचला.

सातपुडा
6 जानेवारी, रात्री 10:05

मी आश्रमशाळेत शिकलो, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या वर. आमच्याकडे पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं असायचं. गच्चीवर सौर बंब होता, पण नळाला कधी गरम पाणी आलं नाही. पाचला उठून हौदातल्या पाण्याने आंघोळ, त्याच ओल्या केसांनी प्रार्थना. सात वर्षं. तेव्हा कुणाला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. तू सांगते आहेस, लिहून दे. आज मी स्वतः शिक्षक आहे. हिवाळ्यात पहिला तास मी वर्गात घेत नाही, पोरांना उन्हाच्या भिंतीला बसवून घेतो. पाढे उन्हातही पाठ होतात.

बागवाला
7 जानेवारी, पहाटे 4:35

आत्ता बागेतूनच लिहितोय, दिंडोरी तालुका. पाणी चालू आहे.

पोरी, तुझे पप्पा त्या दिवशी गप्प का होते ते मी सांगू शकतो. मण्यात पाणी उतरलं की साल ताणलेली असते. त्यात पहाटे पारा एकदम खाली गेला की मण्याला तडा जातो. एक मणी तडकला की त्याचा रस शेजारच्या मण्यांवर, मग अख्खा घड खराब. ज्यांची छाटणी मागास आहे त्यांचे मणी बारीक असतात, त्यांची फुगवणच थांबते. शिवाय गारठ्यात भुरी हा बुरशीचा रोग येतो, म्हणजे फवारणी वाढली. ऑक्टोबरात छाटणी केल्यापासून एवढा खर्च झालेला असतो आणि सगळा हिशोब पहाटेच्या दोन तासांवर येऊन थांबतो.

म्हणून या वेळेला पाणी. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतं, हात घातला तर कोमट लागतं. ते जमिनीत गेलं की मुळाशी ऊब राहते आणि बागेतली हवा एकदम गार पडत नाही. अगदीच पारा उतरला तर ओळींमध्ये शेकोट्या. पण लाइट ज्या रात्री नसेल त्या रात्री नुसतं बसून राहायचं. दिवसा वीज द्या म्हणून आम्ही किती वर्षं सांगतोय. साप, बिबट्या, थंडी, सगळं रात्रीच्या लाइटीमुळे अंगावर येतं. कोपऱ्यावरच्या बागेतला एक जण मागच्या हिवाळ्यात अंधारात पाय घसरून चारीत पडला, हात मोडला.

पप्पांना माझा रामराम सांग. आणि पेपर लावताना वाचत जा. आई ओरडली तरी वाच.

कडवाकाठ
7 जानेवारी, सायंकाळी 6:30

बागवाला काका, हे मी पप्पांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण मोबाइल हातात घेऊन स्वतः परत एकदा वाचलं.

दहावीच्या विज्ञानात उष्णतेचा पाचवा धडा आहे. दवबिंदू, आर्द्रता, विशिष्ट उष्माधारकता, पाण्याचं असंगत आचरण. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त असते हे मी व्याख्या म्हणून पाठ केलं होतं. म्हणजे पाणी हळू तापतं आणि हळू थंड होतं. म्हणजे पप्पा दीड वाजता जे करतात ते! पुस्तकात हे उदाहरण असतं तर मला धडा पाठ करावाच लागला नसता. सकाळी कडवेवर वाफ दिसते ती पण याचीच. नदी हवेपेक्षा गरम असते म्हणून.

हिवाळ्यातलं सगळंच वाईट नाही, हेही लिहायला हवं. आमच्या तालुक्यात गोदावरी आणि कडवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे. 2020 च्या जानेवारीत त्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, जाहीर झाला, महाराष्ट्रातलं ते पहिलं. थंडी पडली की तिथे परदेशातून पक्षी येतात. परवा बसमधून चक्रवाकाची जोडी दिसली, विटकरी रंगाची, उजाडता उजाडता पाण्यावरून खालून गेली. हजारो किलोमीटर उडून त्यांना आमचा गारठा म्हणजे ऊब वाटतो, याचा विचार करत मी शाळेपर्यंत गेले.

मिसिसिपीकाठ
8 जानेवारी, सकाळी 7:10

मी मूळची सिन्नरची, आता मिनेसोटात. कडवाकाठ हे नाव बघून धागा उघडला. माझं आजोळ कडवेच्या काठचंच.

इथे जानेवारीत सूर्य पावणेआठनंतर उगवतो. बाहेर उणे वीस म्हणजे विशेष काही नाही. माझी मुलगीही अंधारातच बसथांब्यावर उभी असते, पण बस गरम, वर्ग गरम. थंडी फक्त घर ते थांबा एवढीच. वारा धरून थंडी धोक्याच्या पातळीला गेली की शाळा बंद ठेवतात. 2019 च्या जानेवारीत बऱ्याच शाळा अशा लागोपाठ बंद होत्या. निफाडची थंडी इथल्यापेक्षा आकड्याने कितीतरी कमी, पण ती घरात, वर्गात, न्हाणीत, सगळीकडे सोबत असते. आई थंडीचं विचारते तेव्हा मी तिला हेच सांगते.

तुझ्या झोपेच्या प्रश्नाबद्दल. इथे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलं की माध्यमिक आणि हायस्कूलची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. कारण आळस नाही. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन उशिरा तयार होऊ लागतं, त्यामुळे लवकर झोप म्हटलं तरी लागत नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. 1 जुलै 2022 पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. म्हणजे लहान मुलांपेक्षा तुमच्या वयालाच उशिराची शाळा जास्त गरजेची. तुझा कागद चौथीला थांबतो, विज्ञान तिथे थांबत नाही.

खडू
8 जानेवारी, रात्री 8:50

मिसिसिपीकाठ, हे उपयोगी आहे. आमच्याकडे पालकसभेत पोरांच्या झोपेचा विषय निघाला की मोबाइलवर येऊन थांबतो. मोबाइलचा दोष आहेच. पण वयाचाही भाग आहे, हे सांगणारं कुणी नसतं. पुढच्या सभेत मी मांडेन.

कडवाकाठ
16 जानेवारी, रात्री 8:40

इतके दिवस आले नाही. सोमवारपासून प्रिलिम आहे आणि मध्ये भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवल्याला मामाकडे होते. येवल्यात तिन्ही दिवस पतंग असतात, अख्खं गाव गच्चीवर. मामाने नवीन आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची चक्री, दिली. नायलॉन मांजावर 2017 पासून बंदी आहे, तरी दोन गच्च्या सोडून एका ठिकाणी तोच होता. मामा स्वतः जाऊन बोलला. आम्ही साध्या सुताच्या मांजाने उडवले. त्याने कटतात जास्त, पण पक्षी कमी अडकतात. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी दोन्ही वेळा खाल्ली.

11 तारखेच्या रविवारी अंगणात काठी रोवली. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवला. सर्वांत आखूड सावली 12:40 ची निघाली. आजी शेजारी बसून तांदूळ निवडत होती. मी तिला पस्तीस मिनिटांचं सगळं समजावलं. ती म्हणाली, तिच्या लहानपणी शाळा घंटेवर भरायची आणि गुरुजी उन्ह बघून घंटा द्यायचे.

खडू सर, मी अर्ज लिहून दिला. आम्ही चौघींनी मिळून लिहिला. किमान तापमान सूर्योदयाला असतं हे पहिल्याच वाक्यात घातलं, खाली माझ्या वहीतल्या नोंदी जोडल्या, आणि वेळ बदला असं कुठेच म्हटलं नाही, सहावीतल्या मुलींमुळे. वर्गशिक्षिका मॅडमनी तो मुख्याध्यापक सरांकडे नेला. सोमवारी दिला, गुरुवारी उत्तर आलं. जानेवारी संपेपर्यंत परिपाठ दुसऱ्या तासानंतर, 8:20 ला, आणि पश्चिमेच्या मैदानाऐवजी पूर्वेला सायकल स्टँडसमोर. स्वेटरचं अजून ठरलेलं नाही. सर म्हणाले, बघू. कांदा लागणीला जाणाऱ्या मुलींसाठी मॅडम दुपारी अडीचनंतर अर्धा तास थांबणार आहेत, जमेल तिने यायचं. माझी मैत्रीण आज आली होती.

आज पहिला परिपाठ उन्हात झाला. बातम्या वाचायची पाळी माझी होती. ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे कागद नीट दिसत नव्हता आणि मी एक ओळ चुकले. उद्देशिका म्हणताना नेहमी मागच्या रांगेतून आवाज येत नाही, आज आला.

कोप्या उठल्या. काल येवल्याहून परत येताना बघितलं तर तिथला ऊस तुटून गेला होता आणि काळ्या शेकोटीच्या खुणा राहिल्या होत्या. ती मुलगी कुठल्या गावाला गेली कळायला मार्ग नाही.

ऊस गेल्यामुळे फाट्याची वाट आता मोकळी दिसते. पप्पा म्हणाले, आता एकटी जाशील का? मी हो म्हटलं. पण सोमवारी मराठीचा पेपर आहे, लाइट रात्रीची आहे, आणि आजीने आत्ताच सांगून ठेवलंय की फाट्यापर्यंत तीच येणार. पाटी आजही वाचता आली नाही.